झिराडकर डॉक्टरांचा कंदील

ऐका. जोतीदादा दिवस बुडाल्यावर कांपातून निघाला, ही पहिली चूक. बैल बरोबर होता, ही दुसरी.

जावईबापू, तुम्हीही ऐका. तो कासरा आधी खाली ठेवा. मघापासून तुमचं चाललंय, ‘कांपवाटेनं जातो, जेवणाच्या वेळेला घरी.’ जावयाला नाही म्हणायची इथं कुणाची छाती नाही. मी म्हातारा, मला सगळं माफ. काहिलीतला रस अजून नुसता फसफसतोय. गरम गूळ खाल्ल्याशिवाय जावई गुऱ्हाळावरून उठला, असं या गावात झालेलं नाही. बसा. अरे, चुलवाणात चिपाडं सारा कुणीतरी. अंधार पडायला लागला. आणि मी मधेच वर आभाळाकडं बघितलं तर ‘आप्पा काय बघता’ म्हणून विचारू नका. बघतो काहीतरी.

तर जोतीदादा. माझा थोरला चुलतभाऊ, भिवाकाका नांगऱ्यांचा एकुलता एक. आता तो नाही. पण ही गोष्ट मी त्याच्याच तोंडून ऐकली, आणि त्याच्या आईच्या, सरूकाकूच्या. काकू खोटं बोलणारी बाई नव्हती. एकदा गप्प बसली होती, तेवढंच. ते पुढं येईल.

त्या काळात हिवरतळ्याला गोऱ्या पलटणीची छावणी होती. तेच आपलं कांप. आता तिथं बाभळी आहेत आणि पडके खांब. तेव्हा खेचरांचे तबेले होते, बाजार होता, नालबंद होते. जोतीदादा बिजल्याला खुरांना पत्र्या मारायला सकाळीच घेऊन गेला. बिजल्या म्हणजे त्याचा बैल. एकच. जोडीचा बैल आदल्या वर्षी गेला. संध्याकाळी चांगला कडबा खाल्ला आणि पहाटे दावणीला ताठ! पोट फुगलेलं, नाकातून काळं रक्त. मग शेजारच्या दगडूशी वारंगुळा केला. त्याचा एक बैल, याचा एक, जोडी करून दोघांची पेरणी. आता बिजल्याला काही झालं असतं तर वारंगुळाही मोडला असता आणि रान पड राहिलं असतं. घरात म्हातारी आई, बायकोला दिवस गेलेले. हे सगळं ओझं त्या एका बैलाच्या खांद्यावर. हे ध्यानात ठेवा.

नालबंदाकडं पलटणीची खेचरं आधी, आपली जनावरं मागं. असं करता करता दिवस बुडाला. नालबंद म्हणाला, “जोतीबा, आज शनिवार आहे. खिंडीच्या रस्त्यानं जा. लांब पडला तरी चालेल. डॉक्टरांच्या वाटेनं बैल नेऊ नको.”

जोतीदादा हसला. “भुतानं माझ्याकडनं काय न्यायचं? माझ्याकडं हाय काय?”

नालबंद म्हणाला, “बैल आहे की.”

ऐकलं नाही. वळवाचे पाऊस होऊन गेले होते, रान पेरणीला आलं होतं, सकाळी औत धरायचं होतं. गुरांच्या जुन्या दवाखान्यापाशी डावीकडं वळायचं, पांदीत उतरायचं, ओढा ओलांडायचा, की नांगऱ्यांची थोरली पट्टी. मग गाव आलंच. जवळची वाट. जवळच्या वाटेचा मोह कुणाला सुटलाय? तुम्हाला सुटलाय का, जावईबापू? हसा, हसा.

दवाखान्याचं छप्पर तेव्हाच उडालं होतं. जनावर अडकवायचा लाकडी खोडा तेवढा उभा होता. जोतीदादा तिथं पोचला आणि खोड्याच्या पलीकडं कंदील दिसला. हलत होता. कुणीतरी जमीन बघत चालावं, तसा. एक पाऊल, थांबायचं. कंदील खाली न्यायचा. पुन्हा एक पाऊल. एखाद्याचं काही हरवलंय म्हणावं, तसं.

“कोन हाय?”

कंदील थांबला. मग आला. सरळ आला. काळा डगला, डोक्याला गोल टोपी, खांद्याला चामडी पिशवी. उजव्या हाताच्या मनगटाला फडकं बांधलेलं. आवाज मऊ, किनाऱ्याकडच्या माणसाचा असतो तसा.

“थांब हो बाबा जरा. बैलाचं तोंड बघू दे.”

आता बिजल्या कसला बैल! परक्या माणसाचा हात लागला की लाथ. नालबंदानं त्याला चार जणांकडून आडवा पाडून पत्र्या मारलेल्या. तो बिजल्या वासरासारखा उभा राहिला! त्या माणसानं ओठ वर केला, हिरड्या बघितल्या. नाकपुडीवर अंगठा फिरवला आणि तो अंगठा कंदिलाजवळ धरून किती तरी वेळ बघत राहिला.

“अजून स्वच्छ आहे,” तो म्हणाला. “बाबा, मागं फीर. या वाटेवर कुठंतरी आहे. मला सापडत नाही.”

“काय सापडत न्हाई?”

कंदील विझला. माणूस नाही. माती ओली होती, बिजल्याचे खूर उमटलेले, जोतीदादाची पावलं उमटलेली. तिसऱ्या माणसाचं पाऊल नाही!

तुम्ही विचाराल, हा कोण? सांगतो.

हा रुबेन हायमजी झिराडकर. कांपातला पहिला जनावरांचा डॉक्टर. अलिबागेकडचा. मुंबईला शिकून आला होता. इस्रायली माणूस, म्हणजे आपल्या कोकणातला यहुदी. त्यांच्या मुलखात त्यांना शनवार तेली म्हणायचे, कारण घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे. देव वेगळा, पण भाषा आपलीच. त्याची बायको लेयाबाई, नऊवारी नेसायची, गळ्यात मंगळसूत्र. गावातल्या बाया तिला बघायला मुद्दाम बाजाराला जायच्या, आणि तिनं ‘या, बसा, पाणी घ्या’ म्हटल्यावर ओशाळून परत यायच्या.

डॉक्टर नेमलेला पलटणीच्या खेचरांसाठी. पण काम आटोपलं की पिशवी अडकवून गावोगाव हिंडायचा. कुणी बोलावलेलं नसायचं. लोक हसायचे. माझी आजी तर तोंडावर म्हणाली होती, “मानसांचा डाक्टर व्हायला अक्कल पुरली न्हाई वाटतं?”

डॉक्टर म्हणाला, “नाही पुरली, आजी. माणसाला दुखतं एकीकडं आणि सांगतो दुसरीकडं. बैल तसं करत नाही.”

आजी पुढं मरेपर्यंत ते सांगून हसायची. सरूकाकू मात्र ते वाक्य निघालं की उठून आत जायची.

भिवाकाकाची आणि त्याची गाठ पडली गुण्यापायी. गुण्या म्हणजे काकाचा लाडका बैल. वासरापासून वाढवलेला. काकाला तेव्हा लेकरू नव्हतं, जोतीदादा पुढं झाला. गुण्या हाक मारली की यायचा, भाकरी हातातून खायचा. तर एकदा गुण्या ओला घास खाऊन फुगला. ढोलासारखा. जमिनीवर पडला, जीभ बाहेर. डॉक्टर वाटेनं चालला होता, धावत आला आणि एक शब्द न बोलता पिशवीतली जाड नळीची सुई काढून डाव्या कुशीत खुपसली! काका अंगावर धावला. आईबापावरून शिव्या. मानगूट धरली त्याची. आणि तेवढ्यात त्या नळीतून वारा सुटला. फुस्स! घाण वास. पोट बसलं. गुण्या उठून उभा. काकाचा हात अजून डॉक्टरच्या मानगुटीवर.

डॉक्टर म्हणाला, “भिवा, आता सोडलंस तरी चालेल.”

तिथून दोस्ती. डॉक्टर आमच्या ओसरीवर बसायचा. लेयाबाईनं काकूला नारळाच्या दुधाचा हलवा शिकवला. असा हा माणूस. आणि तो मेला काळपुळीनं, या गावच्या एका गाईचा इलाज करताना. एवढं तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं. जोतीदादालाही. त्याला ठाऊक नव्हतं ते दुसरंच.

जाळ कमी झाला रे. सारा चिपाडं.

तर कंदील विझला, आणि जोतीदादा मागं फिरला का? नाही! माझा भाऊ हट्टी. मारुतीचं नाव घेतलं, कासरा आवळला, पांदीत उतरला. थोडं गेला नाही तोच बिजल्या लंगडला. बघतो तर पुढच्या पायाची पत्री गळालेली. नवी पत्री! सकाळची! जोतीदादा खाली वाकला, मातीत चाचपलं. पत्री सापडली. शेजारी खिळे. वाकडे नाहीत, मोडलेले नाहीत. सरळ. कुणी उपसून, पुसून, ओळीनं ठेवावेत तसे.

उचलून कनवटीला लावले. चालला. दुसरी पत्री गेली. पुन्हा तसंच. खिळे ओळीनं. मग तिसरी. बिजल्या पाय टेकेना. दर वेळी कानाशी तोच मऊ आवाज, “मागं फीर, बाबा.” धमकी नाही हं. विनवणी. जोतीदादा म्हणायचा, धमकी असती तर बरं वाटलं असतं.

जोतीदादानं शिवी हासडली. शिव्यांनी भूत पळतं म्हणतात ना. घातल्या. जेवढ्या येत होत्या तेवढ्या. आवाज गप्प झाला. ओढा आला. ओढा ओलांडला. चढ चढला. आता थोरली पट्टी दिसायची. आणि समोर काय? दवाखान्याचा खोडा!

चकवा! पुन्हा पांद, पुन्हा ओढा, पुन्हा चढ. पुन्हा खोडा! ज्या वाटेनं लहानपणापासून डोळे मिटून आला-गेला, ती वाट त्याला गोल फिरवत होती. घाम फुटला. बिजल्या फेसानं पांढरा झाला. मग काय सुचलं कुणास ठाऊक, त्यानं कासरा ढिला सोडला आणि बैलाला म्हणाला, “बिजल्या, तूच ने बाबा आता घरला.”

जनावराला वाट कळते. खरं आहे. पण भुकेल्या जनावराला आधी दुसरंच काही कळतं.

बिजल्या लंगडत निघाला. ओढा ओलांडला. चढ चढला. आणि या वेळी थोरली पट्टी आली! जोतीदादानं हात जोडले. आपलं रान! आता काय भीती? बिजल्या बांधाकडं वळला. बांधाला गवत होतं. सगळीकडं नुकती कुठं हिरवी लव फुटलेली, आणि तिथं गुडघाभर. गर्द. काळंभोर. भिवाकाका जिवंत होता तोवर त्या जागेवर दरसाल नव्या बाभळीचे काटे टाकायचा. ‘देवाची जागा हाय, तिथं गुरं न्यायची न्हाईत.’ का, ते कधी सांगितलं नाही. काका जाऊन दोन सालं झालेली. काटे कुजून गेले होते. नवे कुणी टाकले नव्हते.

जोतीदादा दमून बांधाच्या दगडावर बसला. मनात म्हणाला, खाऊ दे चार घास. दिवसभर उपाशी आहे. बिजल्यानं मान खाली घातली.

आणि कासरा ताणला गेला!

असा ताणला की जोतीदादाच्या तळहाताची साल निघाली. बघतो तर बैलाच्या पलीकडं तो. डगला, टोपी. दोन्ही हातांनी वेसण धरलेली, मागं रेटतोय. मनगटाचं फडकं सुटलं होतं. खाली मोठा काळा फोड. कोळशासारखा. आणि आता तोंड दिसलं. डोळे उघडे, झोप न मिळालेल्या माणसाचे असतात तसे. बिजल्या हंबरला. मान खाली, तोंड गवताला लागायला वीतभर राहिलं. जोतीदादा घाबरून इकडून ओढतोय, हा तिकडून रेटतोय. दोघंही एकाच बैलाला वाचवताहेत आणि एकमेकांशी झगडताहेत! एकाला ठाऊक नाही, दुसऱ्याला सांगता येत नाही.

झटापटीत कंदील खाली ठेवलेला, त्याचा उजेड गवतावर पडला. आणि तो माणूस थांबला.

त्यानं गवत बघितलं. नीट बघितलं. बांधावरचं बाकी गवत विरळ, आणि हे गर्द गवत एका आकाराचं. लांबट. एका टोकाला निमुळतं. जोतीदादालाही तेव्हाच दिसलं. बैल कुशीवर झोपला की जेवढी जागा घेतो, तेवढंच. पायांची जागा, मानेची जागा.

तो गुडघ्यांवर बसला. हात गवतावर ठेवला. आणि ओरडला. अंगावर येणारं ओरडणं नव्हे. घरातलं माणूस गेल्यावर जसं निघतं तसं.

“अरे भिवा!” म्हणाला. “अरे भिवा, भिवा!”

मग कंदील उचलला आणि आपटला त्या गवतावर! काच फुटली. जाळ उठला. बिजल्या उसळला, कासरा तुटला, आणि बैल गावाच्या दिशेनं सुटला. जोतीदादा त्याच्यामागं. मागं वळून बघितलं तर जाळ माणसाच्या उंचीचा, आणि त्यात तो उभा. पण ऐका, जोतीदादाला सगळ्यात भीती कशाची वाटली माहीत आहे? एवढ्या जाळाची धग लागत नव्हती. आणि गवत जळत नव्हतं. त्या जाळात गवत वाऱ्यानं डुलत होतं, हिरवं. मेलेल्या माणसाच्या आगीनं काही पेटत नाही, बाबांनो. तो बिचारा पेटवतच राहिला होता.

घरी आला. बिजल्या दावणीला उभा, धापा टाकत. सरूकाकूनं आधी बैलाचं तोंड बघितलं. ओल्या फडक्यानं पुसलं. गवताची काडी नाही. मग मुलाकडं वळली.

“कुठल्या वाटंनं आलास?”

“आये, डाक्टर दिसला. आबाचं नाव घेऊन रडत होता. बांधावर, त्या देवाच्या जागंवर. आये, तिथं काय हाय?”

काकू म्हणाली, “गुण्या हाय.”

आता ऐका. हे काकूचं सांगणं आहे, मी माझ्या पदरचं काही घालत नाही.

गुण्या मेला तो दिवस शनिवार. सकाळी औताला जुंपायला गेले तर पडलेला. भिवाकाका धावत कांपात गेला. शनिवार म्हणजे डॉक्टरचा पाळणुकीचा दिवस. शुक्रवारी सांजेला लेयाबाई तेलाचा दिवा लावायची, तिथून दुसऱ्या दिवशी तीन चांदण्या दिसेपर्यंत त्यांच्या घरी विस्तव पेटत नसे. तरी डॉक्टर तसाच आला, चालत. गुण्याला बघितलं, नाकातलं रक्त बघितलं आणि काकाचा हात धरून बाजूला नेलं.

“भिवा, ही फाशी आहे, काळपुळीचाच रोग. याच्या रक्तातलं विष मातीत मुरलं की मरत नाही. तू म्हातारा होशील तरी ते जिवंत राहील. याला कापायचं नाही, सोलायचं नाही, पुरायचं नाही. जाळायचं. तुम्ही लाकडं रचा. मी आज विस्तवाला हात लावत नाही. तीन चांदण्या दिसल्या की येतो आणि मी स्वतः अग्नी देतो. माझाही तो दोस्त होता.”

काकानं मान हलवली. आणि डॉक्टर गेल्यावर गुण्याच्या गळ्यात पडून रडला.

जावईबापू, तुम्ही शेतकरी आहात. सांगा. राबून मेलेल्या बैलाला आपण काय करतो? अंगाला हळद लावतो, मीठ घालतो, आपल्या रानात पुरतो. रानातला आपल्या रानातच राहतो. लेकरासारखा वाढवलेला बैल, महादेवाचा नंदी, त्याला रॉकेल ओतून जाळायचा? काकाचा हात उचलेना. काकूही म्हणाली, “न्हाई जाळायचा.” दोघा भावांना घेऊन काकानं भरदुपारी बांधाला खड्डा घेतला. काकूनं हळद वाहिली, मिठाची पाटी ओतली, नारळ ठेवला. कपाळावरून हात फिरवला आणि माती लोटली.

आणि डॉक्टरला काय सांगायचं? त्याचं मन मोडवेना. मग लाकडं रचली होती, ती तशीच पेटवली. नुसती. आणि वास यावा म्हणून विहिरीवरची जुनी मोट टाकली त्यात. चामड्याची मोट. वास सुटला खरा.

तीन चांदण्यांना डॉक्टर कंदील घेऊन आला. बघतो तर जाळ पेटलेला. काका म्हणाला, “डाक्टर, तुमची वाट बघवली न्हाई. मीच दिला.” डॉक्टरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, “तू मोठं काम केलंस, भिवा.” आणि जाळ विझेपर्यंत त्या मोटेच्या राखेपुढं टोपी सावरून उभा राहिला, ओठांत काही म्हणत. काकू झोपडीच्या आडून बघत होती. एक शब्द बोलली असती तर! तीच ती वेळ, जेव्हा ती गप्प बसली.

पुढच्या पावसाळ्यात काकाची गाय त्या बांधाला चरली. पडली. डॉक्टर आला, रात्रभर तिच्यापाशी बसला, तिच्या तोंडातला फेस हातानं काढला. मनगटाला खेचराच्या लगामाचा ओरखडा होता, तेवढंच निमित्त. गाय गेली. मग मनगटावर पुळी आली, पुळी काळी पडली, ताप चढला. काका भेटायला गेला. डॉक्टर खाटेवर. हात खांद्यापर्यंत सुजलेला. त्याला मरणाचं काही नव्हतं. त्याला एकच कोडं पडलं होतं.

“भिवा, ही फाशी आली कुठून? आसपास कुठंच नाही. तुझ्याच रानात का? मला एक सांग. त्या शनिवारी गुण्या पुरता जळला होता ना?”

काकानं त्याच्याकडं बघितलं. मरणाऱ्या माणसाला कसं सांगायचं, की तुला मी मारलं?

“व्हय डाक्टर. पुरता जळला.”

डॉक्टरनं डोळे मिटले. “मग दुसरीकडं कुठंतरी आहे. त्या वाटेवरच असणार. बरा झालो की शोधतो. तोवर गुरं आणू नका तिकडून.”

बरा झाला नाही. कांपाच्या कडेला त्याच्या लोकांनी त्याला पुरला. लेयाबाई किनाऱ्याकडं परत निघाली तेव्हा काकूला भेटायला आली. डॉक्टरचा कंदील तिच्या हातात दिला. “वहिनी, रात्रीअपरात्री जनावर आजारी पडलं तर हाताशी असू दे,” म्हणाली. तिला काहीच ठाऊक नव्हतं. काकूनं तो माळ्यावर टाकला, फडक्यात गुंडाळून. कधी पेटवला नाही. काका त्या दिवसापासून हसलेला कुणी बघितला नाही. दरसाल काटे टाकत राहिला आणि एक दिवस मेला, न बोलता. आणि तो डॉक्टर? मेल्यावरही शोधत राहिला. दर शनिवारी, चांदण्या निघाल्या की. दोस्तानं सांगितलं ते खरं धरून, जिथं नाही तिथं शोधत राहिला. एकाही बैलाला त्या वाटेनं पुढं जाऊ देत नव्हता. त्यालाच लोक भूत म्हणायचे, शिव्या घालायचे.

काकूनं हे सांगितलं आणि जोतीदादाला म्हणाली, “माळ्यावरचा कंदील काढ.”

पुढच्या शनिवारी गेली ती. एकटी. जोतीदादा लांब उभा होता, ओढ्याच्या काठाला, तिनंच थांबवलेलं. तीन चांदण्या निघाल्या. काकूनं कंदील पेटवला आणि त्या गवताशेजारी दगडावर ठेवला. पांदीतून दुसरा उजेड आला. हलत, थांबत, जमीन बघत. तिच्यासमोर येऊन थांबला.

काकू म्हणाली, “डाक्टर, हितं हाय. गुण्या हितं हाय. आमी जाळला न्हाई. तो जाळ मोटंचा होता. तुमी शोधू नका आता. हितंच हाय.”

काकू म्हणायची, रागावला असता तर मी पाय धरले असते. रागावला नाही. आजारी जनावरापाशी उकिडवा बसायचा, तसा बसला. गवतावर हात ठेवला. बराच वेळ बसून राहिला. मग त्याच्या हातातला उजेड गेला. काकूचा कंदील तेवढा राहिला.

दुसऱ्या दिवशी गाव गोळा झालं. तिथं दगड रचले, पुरुषभर, काट्यांचं कुंपण केलं. ते अजून आहे. खालची माती खणायची नाही, तिथलं गवत कापायचं नाही. आमच्या घरची जनावरं त्यानंतर तशी मेली नाहीत. बिजल्या म्हातारा होऊन मेला. त्याला मात्र जोतीदादानं हळद लावून, मीठ घालून पुरला, रडत रडत. त्याला काही झालेलं नव्हतं, त्याला पुरायला हरकत नव्हती.

दर शनिवारी तिथं कंदील ठेवायचा. आधी काकू ठेवायची, मग जोतीदादा, आता मी. कधी चुकलं की पांदीतून उजेड हिंडताना दिसतो. पुन्हा शोधायला लागतो तो. मरणाऱ्याला सांगितलेलं खोटं एकदा खरं सांगून फिटत नाही, दर खेपेला सांगावं लागतं. म्हणून म्हणतो, बैल घेऊन त्या वाटेनं जाऊ नका. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही. पत्री गळली तर नशीब समजा. ती गळायची थांबली आणि बैलानं मान खाली घातली, तर मग कुणी नाही वाचवायला.

बघा वर. त्या आंब्याच्या शेंड्यावर एक. ती खिंडीवर दुसरी. तिसरी... निघाली.

काय म्हणालात, जावईबापू? आज शनिवार? हो, शनिवारच. माझे गुडघे आज उठू देत नाहीत, म्हणून तर मघापासून आभाळाकडं बघतोय. नाही, नाही, तुम्ही पाव्हणे, तुम्हाला कसं सांगू?

बरं. जाताय तर जा. कंदील त्या मेढीला टांगलाय. काच काकूच्या वेळची नाही, पण बाकी सगळा तोच. वात जरा वर करा. बैल इथंच बांधा, सकाळी खिंडीनं न्या. रिकाम्या माणसाला तिथं कसली भीती नाही. दगडावर कंदील ठेवायचा आणि मोठ्यानं म्हणायचं, ‘डाक्टर, हितंच हाय.’ एवढंच. आणि लगेच पाठ फिरवू नका. थोडं थांबा. त्याला बसायला वेळ लागतो.

या जाऊन. गूळ ठेवतो तुमचा.